वरमाई आणि वाघिणी

घणसोली गावात लग्न असलं की नवरदेवापेक्षा जास्त नखरे घोडीचेच असायचे. म्हणून तिचं नाव पडलं वरमाई. विकणाऱ्यानं तिचं खरं नाव सांगितलं होतं म्हणे, पण ते आता कुणालाच आठवत नव्हतं. पांढरीशुभ्र, गळ्यात घुंगरांचा पट्टा, आणि मान अशी ताठ, जणू आहेरात काहीतरी कमी पडलंय. फुरफुरायची, रुसायची, मागून कुणी शेपटीला हात लावला तर त्याचं काही खरं नसायचं. पण बेंजोवाल्यांनी पहिला ठोका दिला की बाईसाहेब जागच्या जागी थांबायच्या आणि नाचायला लागायच्या. उजवा पाय, डावा पाय, मान वर, मान खाली. मागं रिक्षा कितीही हॉर्न मारू देत, कुणी लगाम कितीही ओढू दे, बेंजो वाजतोय तोवर वरमाई हलणार नाही म्हणजे नाही. रुतिकाच्या पप्पांनी, सूरजनी, तिला तसंच शिकवलं होतं. सूरजची नाचरी घोडी म्हणून ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत लोक तारखा घ्यायला यायचे.

आणि तिला नाचातून बाहेर काढायचं काम रुतिकाचं. मांडवाच्या दाराशी ती गुळाचा खडा घेऊन उभी राहायची. नवरदेव खाली उतरला की ओरडायची, "उतरला गं, उतरला!" ते कानावर पडलं की वरमाई नाच अर्धा टाकून सरळ रुतिकाकडे यायची आणि तिच्या मागोमाग डाव्या बाजूनं गर्दीतून बाहेर पडायची. लहानपणी रुतिका अशी काही बोंब ठोकायची की आई कानावर हात ठेवायची. पण मधे खारघरच्या एका लग्नात शाळेतली स्नेहल पाहुणी म्हणून आली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं वर्गात मान वाकडी करून सगळ्यांना ती बोंब ठोकून दाखवली. बाकं वाजवून हसली पोरं. तेव्हापासून रुतिका वरमाईच्या मानेवर हात ठेवून, कानाला लागून पुटपुटायची. घोडी तेवढ्यावरही ऐकायची.

"शहाणी हाय आमची बाई," पप्पा म्हणायचे. "तुझ्यापेक्षा तर नक्कीच."

सयाजीमामा आला तो असाच, दोन मुहूर्तांच्या मधल्या रिकाम्या दिवसांत. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. भंगाराची कामं घ्यायचा. ओटीवर बसला, चहाची पहिली बशी संपवली आणि म्हणाला, "भाऊजी, तुमची घोडी द्या एक दिवस."

"कुनाचं लग्न?"

"लग्न नाय. डबे ओढायचेत."

पप्पांना वाटलं मामा गंमत करतोय. पण मामा सांगत सुटला. रबाळ्याला खाडीच्या अंगाला एक कंपनी कधीपासून बंद पडलेली. तिच्या आत तिची स्वतःची सायडिंग, म्हणजे मालगाडीचे रूळ थेट गोदामापर्यंत आलेले. त्या रुळांवर जुने डबे गंजत उभे. ते शेडमधून गेटजवळच्या मोकळ्या जागेत आणायचे, तिथं गॅसकटरनं कापायचे, ट्रकमध्ये घालायचे. एवढंच काम.

"मग जेसीबी लाव की," पप्पा म्हणाले.

"लावला ना! एका बाजूला कंपाउंडची भिंत, दुसऱ्या बाजूला चिखल. एक जेसीबी फसला. त्याला काढायला दुसरा आनला, तो पन फसला. आता दोघं जोडीनं बसलेत म्हशींसारखे. बगळे पन येऊन बसतात अंगावर."

"आणि इंजिन?" रुतिकानं विचारलं.

"मेन लाइनचा जोडच उखडलाय, रुते. इंजिन काय उडत येनार?"

आई आतून पदराला हात पुसत आली. "लग्नातली घोडी आहे ती, सयाजी. तिला गाडीला जुंपतोस? वेड लागलंय का तुला?"

तेवढ्यात कोपऱ्यातल्या खाटेवरून आवाज आला. "घोरंच ओढायची."

सगळे वळले. पप्पांचा बाप, दादूआजा, उठून बसला होता. त्याचे डोळे आता कामातून गेले होते, फक्त उजेड आणि अंधार कळायचा. पण चेहरा असा झाला होता, जणू समोर काहीतरी दिसतंय.

"त्याच सायडिंगवर," आजा म्हणाला. "त्या कंपनीत मी घोऱ्यावर होतो. इंजिन भायेर माल ठेवून जायाचा, आनि आतमंदी वाघिनी घोरा फिरवायचा. एक-एक वाघीन. ह्या शेडमधून त्या शेडमंदी."

मालगाडीच्या डब्यांना आजा वाघिणीच म्हणायचा. पुस्तकातही तोच शब्द आहे, पण आज्याच्या तोंडून ऐकला की रुतिकाची नजर त्याच्या हाताकडं जायची. कारण आज्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नव्हती. ती कुठं गेली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि कशी गेली, हे कुणालाच नाही.

"घोडा एवढा मोठा डबा ओढू शकतो, आजा?"

"रुलावर ओढतो. हलवनं कठीन. एकदा हलली का लोन्यावानी जाते वाघीन." तो थांबला. "आनि थांबवनं हलवन्यापेक्षा कठीन."

"मग घोडा थांबवतो कसा?"

"घोरा नाय थांबवीत, पोरी. घोरा बाजूला होतो. थांबवतो तो ब्रेक. घोरा नेहमी रुलाच्या भायेरून चालतो, मधून नाय. आनि कान साकलीवर ठेवायचा. साकली ताठ हाय, तर गप असते, घोरा ओढतो. साकली वाजाय लागली, का समजायचा, ढिली परली. म्हनजे वाघीन आपल्या पायांनी मागून येते. मंग आधी हूक, मंग घोरा. आधी घोरा फिरवशील तर साकली चाकाखाली जाईल आनि घोऱ्याला आत खेचील. कलला का?"

"बोटं तशीच गेली का रे, आजा?"

"बोटंच गेली."

"आणि घोडा?"

आजा खाटेवर मागं सरकला. तो भिंतीकडं तोंड करून आडवा झाला.

एवढं ऐकल्यावर कुणीही शहाण्या माणसानं नाही म्हटलं असतं. पण बायकोच्या भावाला नाही म्हणायचं म्हणजे घरात आठवडाभर मीठ कमी खायचं, आणि त्यात आजा सकाळी कुणी न उठवता आंघोळ करून, टोपी घालून ओटीवर तयार बसला होता. त्याला न्यायलाच हवं होतं. पप्पांनी वरमाईचे घुंगरू काढले, जुन्या कॅनव्हासचा रुंद छातीपट्टा शिवून घेतला होता तो बांधला. घुंगरांशिवाय ती एकदम अनोळखी दिसत होती. रुतिकाला शाळेला सुट्टी होती. ती गुळाचे खडे कागदात बांधून निघाली, आणि रबाळ्यापर्यंत एकही शब्द बोलली नाही. असं कधी होत नसे.

कंपनीच्या आत शिरल्यावर तिला पहिल्यांदा ऐकू आली ती शांतता. भिंतीपलीकडं गावठाण, त्यापलीकडं टॉवर, हमरस्त्यावर ट्रक धावतायत, आणि इथं मात्र फक्त खाडीचा वास आणि शेडमध्ये पंख फडफडवणारी कबुतरं. आणि शेडच्या अंधारात वाघिणी. लालसर, उंच, चाकांना गवताचे वेढे बसलेल्या. रुतिका त्यातल्या पहिलीजवळ गेली. चाकाचीच उंची तिच्या कमरेपर्यंत होती. तिनं वर पाहिलं आणि तिला वाटलं, हे झोपलेलं आहे. मेलेलं नाही.

शेडपासून रूळ निघायचे ते सरळ गेटपर्यंत. वाटेत एके ठिकाणी मोठा नाला आडवा जात होता, त्यावर मोरी. मोरी म्हणजे नुसते रूळ आणि खाली लाकडी स्लीपर, मधल्या फटींतून खालचं काळं पाणी दिसतंय. दोन्ही बाजूंना कठडा नाही, चालायला जागा नाही.

"इथं घोडी रुळाबाहेरून कशी जाणार?" पप्पांनी विचारलं.

"इथं मधून घ्यायची," मामा म्हणाला. "मी पत्रे टाकलेत बघा. जाड हायत. एवढ्याशा मोरीचं काय टेन्शन घेता!"

"आजा तर म्हणाला मधून कधीच नाही," रुतिका म्हणाली.

"आज्याच्या टायमाला बाजूला फळ्या होत्या, रुते. चोरल्या लोकांनी. आता काय, चोराला शोधत बसू?"

रुतिकाचं काम मोरीच्या पलीकडं उभं राहायचं होतं. घोडीला लग्नात सवय होती, समोर रुतिका आणि रुतिकाच्या हातात गूळ. ती दिसली की वरमाई चालणार. मोरी ओलांडली की कानात सांगायचं, तोवर पप्पा मागून साखळीचा हूक सोडणार, घोडी डावीकडं बाहेर, आणि मामा ब्रेकचा दांडा खाली दाबून चाकाखाली लाकडी गुटका सरकवणार. पुढं गेटजवळ जुन्या टायरांचा ढीग रचला होता, डबा फार तर तिथं जाऊन टेकणार.

काम सुरू करण्याआधी नारळ वाढवायचा होता. त्याशिवाय गावात कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. मामानं उदबत्ती लावली, गावदेवीचं नाव घेतलं, नारळ शेडसमोरच्या सिमेंटच्या पट्टीवर ठेवला आणि हळदकुंकू काढायला खिशात हात घातला. तेवढ्यात नारळ हलला.

आधी जरासा डुलला. मग घरंगळायला लागला. दोन रुळांच्या मधून, शेंडी फिरवत, कुणी दोरीनं ओढावा तसा. मामा त्याच्या मागं धावला, पण नारळ त्याच्यापेक्षा हुशार. सिमेंट संपलं तरी तो दगडांवरून उड्या मारत पुढं मोरीकडं गेला आणि दिसेनासा झाला.

 मग मामानं टाळी वाजवली. "बघितलं? देवीनं नारळ स्वतःच पुढं नेला! आता काम अडतंय काय? बोला गावदेवी माते की..."

पप्पांनी हात जोडले. शेडच्या दाराशी मामानं टाकून दिलेल्या खुर्चीत बसल्या बसल्या आज्यानंही हात जोडले. रुतिकानं जोडले नाहीत. तिनं पिशवीतली पाण्याची बाटली काढली, त्याच पट्टीवर आडवी ठेवली आणि सोडली. बाटली तशीच निघाली. त्याच वाटेनं.

"पप्पा, उतार आहे इथं."

"कुठं? सपाट तर दिसतंय."

"दिसतंय, पण नाहीये. आपल्या ओटीसमोर बघा ना, टॉवर झाल्यापासून पाणी उलटं दाराकडं येतं. भराव खचलाय. इथंही तसंच झालंय."

"उतार नाय," आजा एकदम तडकला. "मी उभा जलम काढलाय हितं. काचेवानी सपाट हाय सायडिंग."

"तेव्हा होती, आजा."

"आनि असला थोडा उतार तरी बरंच की!" मामा हसला. "वरमाईला ताकद कमी लागेल. देवीनं कौल दिला, आनि ही पोरगी बाटल्या लोळवते. भाऊजी, हिला सायन्सला टाका."

पप्पा हसले. त्यांचं हसणं नेहमीसारखं नव्हतं, रुतिकाला ते कळलं. तिनं त्यांचा हात धरला. पण त्यांनी तो सोडवून घेतला आणि साखळी उचलली. चारचौघांत, मेव्हण्यासमोर आणि बापासमोर, पोरीच्या बाटलीवरून मागं फिरायचं कसं? रुतिका मोरी ओलांडून पलीकडं गेली. पत्र्यावर तिचे बूट वाजले आणि खालचं पाणी हललं.

पहिली वाघीण हलता हलेना. वरमाईनं मान खाली घातली, मागचे पाय रोवले, पोटाच्या शिरा टरारल्या. रुतिकाला बघवेना. लग्नात कपाळावर मोत्यांची जाळी घेऊन मिरवणारी तिची बाई अशी वाकलेली तिनं कधी पाहिली नव्हती. मग कुठंतरी करकर असा आवाज झाला, जुनं दार उघडावं तसा, आणि ती लाल भिंत शेडच्या अंधारातून बाहेर यायला लागली.

ती आली कण्हत, कुरकुरत, गंजानं अडखळत. साखळी ताठ होती, गप होती. वरमाई मोरीवर आली, पत्रे वाजले, तिनं कान टवकारले, पण समोर रुतिका आणि गूळ. एकेक पाऊल. रुतिकानं श्वास धरून ठेवला होता. वरमाई मोरीच्या पलीकडं आली, रुतिकानं कानाला लागून "उतरला गं" म्हटलं, पप्पांनी हूक सोडला, घोडी डावीकडं बाहेर. वाघीण स्वतःच्या अंगानं पुढं गेली आणि टायरांना टेकून थांबली. मामाला गुटका लावायचीही गरज पडली नाही.

"काय भाऊजी!" मामा नाचायचाच बाकी होता. "उगाच घाबरवलं म्हाताऱ्यानं!"

आजा खुर्चीतून म्हणाला, "जड आली. चाकं धरलीत गंजानं."

"आत्ता सोडवतो की." मामानं शेडमधून कॅन आणला. पुढच्या वाघिणीच्या चाकांच्या खोबणीत, जिथं दिसेल तिथं, तेल ओतलं. काळं तेल दगडांवर ठिबकायला लागलं. "आता बघा, लोन्यावानी जाते का नाय! तुमचेच शब्द हायत, आजा."

रुतिकानं ते मोरीच्या पलीकडून पाहिलं. ती ओरडून सांगणार होती, की मामा, नको. पहिली वाघीण थांबली ती गंजामुळंच थांबली. पण मामा पुन्हा सायन्सचं काहीतरी बोलेल, पप्पा पुन्हा तसं हसतील. शब्द ओठांपर्यंत आले आणि परत गेले. त्यानंतर कित्येक दिवस झोपताना तिला ते ओठांवर आलेले शब्द आठवायचे.

दुसरी वाघीण एका झटक्यात निघाली. करकर नाही, काही नाही. वरमाईलाच नवल वाटलं असावं, तिनं मागं मान वळवली. पप्पांनी लगाम धरला होता, ते तिच्या खांद्याशी चालत होते. मामा डब्याच्या बाजूनं गुटका काखेत घेऊन. ऊन चढलं होतं. आजा खुर्चीत पुढं वाकून बसला होता, एक कान रुळांकडं.

मोरी जवळ आली. पप्पांनी घोडीला रुळांच्या मधे घेतलं, पत्र्यांवर.

आणि भिंतीपलीकडं कुणीतरी माइकमध्ये फुंकर मारली. "हॅलो. हॅलो. चेक."

रुतिकानं झटकन भिंतीकडं मान वळवली. गावठाणात कुणाची तरी हळद असणार. संध्याकाळच्या हळदीसाठी बेंजोवाले दुपारीच सामान लावतात, हे तिच्याइतकं कुणाला माहीत? नको, ती मनात म्हणाली. आत्ता नको. दोन मिनिटं फक्त.

धाडकन ठोका पडला. ढोलकी, बेंजो, ट्रंपेट, सगळं एकदम.

वरमाई थांबली.

मोरीच्या मधोमध, पत्र्यावर, काळ्या पाण्याच्या वर, तिनं मान उचलली, उजवा पाय उचलला आणि ती नाचायला लागली. खट्, खट्, खट्. अंगावर जाळी नाही, घुंगरू नाहीत, पाठीवर नवरदेव नाही. तरी नाचत होती. तिला तेच तर शिकवलं होतं.

आणि साखळी वाजायला लागली.

खळ. खळखळ. बेंजोच्या आवाजातही रुतिकाला ती ऐकू आली. ढिली पडून पत्र्यावर लोळत होती. वाघीण आपल्या पायांनी येत होती. घाईनं नाही. हळूहळूच. पण थांबत नव्हती.

"सयाजी, ब्रेक!" पप्पा ओरडले.

मामानं दांडा खाली दाबला. दांडा गंजून पोकळ झाला होता, तो मुळापासून निखळून त्याच्या हातात आला. त्यानं गुटका चाकाखाली फेकला. तेलकट चाकानं तो साबणाच्या वडीसारखा बाजूला उडवला.

"चल! चल गं बाय!" पप्पा लगामाला लटकत होते. वरमाई डोळे मोठे करून नाचत होती. पप्पा एकटे उडी मारून सुटू शकले असते. पण ते लगाम सोडत नव्हते, आणि वाघीण त्या दोघांच्या मागं मोठी मोठी होत होती, एवढी की तिच्यामागचं शेड दिसेनासं झालं.

रुतिकानं तोंड उघडलं. आवाजच आला नाही. स्वप्नात होतं तसं झालं. गुळाचा कागद हातातून पडला आणि ती धावली. बाहेर नाही, आत. मोरीवर. पत्र्यावर पाय घसरला, सावरला, तिनं वरमाईच्या मानेवर हात ठेवला. घामानं चिंब मान, आणि कातडीखाली कापणारं सगळं. ती कानाला लागली.

"उतरला गं. उतरला."

घोडीचा कान हलला नाही. बेंजो एवढा दणाणत होता की रुतिकाला स्वतःचंच पुटपुटणं ऐकू आलं नाही. दोन वर्षं तिनं घोडीला कुजबुजीची सवय लावली होती, स्नेहल हसते म्हणून.

पलीकडून आज्याची किंकाळी आली. "सूरज! साकली वाजते! हूक! आधी हूक!"

पप्पांनी एकदा रुतिकाकडं पाहिलं. मग लगाम तिच्या हातात कोंबला आणि ते घोडीच्या मागं गेले. घोडी आणि वाघीण यांच्या मधे. रुतिकाला आता ते दिसत नव्हते. फक्त ती लाल भिंत दिसत होती.

आणि मग तिच्या पोटातून, बेंबीच्या देठापासून, लहानपणीची ती बोंब निघाली.

"उतरलाऽऽ गं, उतरलाऽऽ!"

भिंतीपलीकडचा ट्रंपेटवालासुद्धा चुकला असेल. वरमाईचा पाय हवेतच राहिला. कान फिरले. रुतिका उलट्या पावलांनी चालत, लगाम धरून, पुन्हा ओरडली, आणखी ओरडली, आणि नाच अर्धा टाकून वरमाई निघाली. खट्खट् पत्रे वाजले, मग पायाखाली दगड आले, मग माती. रुतिका डावीकडं वळली. ती साखळीची वाट बघत होती. घोडीला मागं खेचणाऱ्या झटक्याची. तिनं डोळे मिटले.

झटका आला नाही. अंगावरून वारा गेला, तेलाचा आणि गंजाचा वास असलेला, आणि शेजारून काहीतरी प्रचंड सरकत गेलं. मग गेटकडं असा आवाज झाला, की शेडमधली सगळी कबुतरं एकदम उडाली.

तिनं डोळे उघडले. दुसरी वाघीण पहिलीच्या अंगात शिरून तिरकी उभी होती. टायर इकडंतिकडं लोळत होते. मोरीच्या तोंडाशी, घोडीमागून बाहेर उडी मारलेले पप्पा रुळांशेजारी गुडघ्यांवर बसले होते, हातात सुटलेला हूक. त्यांची चप्पल मोरीवर राहिली होती, म्हणजे चपलेचं जे काही उरलं होतं ते.

भिंतीपलीकडं बेंजो वाजतच होता. "हॅलो, आवाज बरोबर हाय ना?" कुणीतरी माइकमध्ये विचारत होतं.

 मामा दांडा हातात धरून तसाच उभा होता, तो खाली ठेवायचा असतो हेही त्याला सुचत नव्हतं. शेवटी तो म्हणाला, "बाकीचे डबे शेडमधेच कापू. वेळ लागला तर लागला." मग रुतिकाकडं न बघता, "बाटली... ती तू बरोबर लोळवलीस गं."

आज्याला कुणी धरून आणलं नाही. तो स्वतःच चाचपडत मोरीच्या शेडकडच्या तोंडाशी येऊन थांबला होता, पत्र्यावर पाय टाकायची त्याची हिंमत होत नव्हती. पप्पा जाऊन त्याला हाताला धरून घेऊन आले. त्यानं वरमाईला शोधलं आणि खाली बसून तिचे चारही पाय एकेक करून हातांनी तपासले, खुरापासून गुडघ्यापर्यंत. चौथ्या पायाशी त्याचा हात थांबला.

"मना वाटला, सपाट हाय," तो म्हणाला. आणि जरा वेळानं, कुणी विचारलं नसताना, "मुरारी नाव होता त्याचा. काला होता, कुलकुलीत. मी आधी घोरा फिरवला."

त्यानंतर आज्यानं त्या सायडिंगचं नाव काढलं नाही.

पुढच्या मुहूर्ताला गावातच वरात होती. वरमाईला जाळी घातली, घुंगरू बांधले, शेपटीत गोंडे ओवले. पप्पांनी नवा छातीपट्टा जाळून टाकला होता. नवरदेव चढला, मावश्यांनी कंबर कसली, बेंजोवाल्यांनी ठोका दिला.

वरमाई थांबली. पण नाचली नाही. तिनं दोन्ही कान मागं फिरवले आणि ती तशीच उभी राहिली. पांढऱ्या मानेवरून एक शहारा गेला.

"काय गं, आज मानपान राहिला का काय हिचा?" कुणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले.

मांडवाच्या दाराशी उभ्या असलेल्या रुतिकाला हसू आलं नाही. ती गर्दीतून वाट काढत घोडीजवळ गेली आणि तिच्या मानेवर हात ठेवला. कातडीखाली तेच, मोरीवरचं कापणं होतं. तिनं या वेळी कानात काही पुटपुटलं नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मी आहे इथं. बघ. मागं कोणी नाही."

वरमाईनं मान वळवून मागं पाहिलं. मागं गल्ली होती, लाइटच्या माळा होत्या, नाचणाऱ्या मावश्या होत्या. काही येत नव्हतं.

रुतिकानंही एकदा वळून पाहिलं. मग वरमाईनं उजवा पाय उचलला.